प्रार्थनेला बसलं की मन भटकतं, काय करू?

प्रश्न: रोज पहाटे अर्धा तास प्रार्थना करायची ठरवतो, पण दोन मिनिटांत मागणं संपतं आणि मग हात मोबाईलकडे जातो. तुम्ही कसं करता?

उत्तर: अहो अर्धा तास कशाला, पाचच मिनिटं बसा, फोन दुसऱ्या खोलीत. मी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं (प्रार्थनागीतांचं पुस्तक) एक स्तोत्र हळू आवाजात वाचते, १५० आहेत, शब्द आपोआप मिळतात.

उत्तर: बरोबर. आणि देवावर रुसला असाल तर तेही बोला हो, ८८ वं स्तोत्र बघा, अंधारातच संपतं, तरी बायबलमध्ये आहे ना!

उत्तर: मी बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकातल्या ६ व्या अध्यायातली प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली, घेतो, एकेका ओळीवर थांबतो, ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ ही ओळ आली की फक्त आजची काळजी सांगायची, उद्याची नाही.

प्रश्नकर्ता: फोनचं उद्यापासूनच करतो 😅