खडू नको, तिरपा उजेड घ्या

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराण्याच्या समाधीवरची झिजलेली अक्षरं खडू घासून वाचावीत का, असं एकाने विचारलंय. कृपया नको! ग्वाल्हेरकडचा दगड बहुतेक वालुकाश्म. त्याचे पापुद्रे सुटतात आणि घासताना अक्षराची कडच निघून येते. तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिड त्याहून वाईट.

ऊन तिरपं असताना जा, नाहीतर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. सपाट वाटणाऱ्या जागी 'श्री'ची वेलांटी सावलीने उठून दिसते. मोबाईल न हलवता चारही बाजूंनी उजेड टाकून चार फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मजकूर मोडी लिपीत असेल तर जाणकाराला हेच फोटो लागतील.

खरी गल्लत सनाची होते. इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवा, (विक्रम) संवत असेल तर ५७ वजा करा (जानेवारी ते फाल्गुनअखेर अनुक्रमे ७९ आणि ५६). शके १७७९ म्हणजे १८५७, संवत १७७९ म्हणजे १७२२. आकड्याआधीचा शब्द चुकला की १३५ वर्षांचा फरक!

घरातल्या आत्या-आजींना सोबत न्या, तिथेच रेकॉर्डिंग करा. बायकांचं माहेरचं नाव आवर्जून विचारा. दगडावर ते सहसा नसतं.