'किंग कुंटा'मधला याम आणि रॅपच्या ओळींत दडलेले अर्थ

सांजसावली (धागाकर्ता):

नमस्कार. अमेरिकी रॅपर केंड्रिक लमार यांचा 'टू पिंप अ बटरफ्लाय' (२०१५) हा अल्बम सध्या मी लक्षपूर्वक ऐकत आहे. इंग्रजी शब्द समजतात, बोलही वाचायला मिळतात. तरीही 'किंग कुंटा' या गाण्यापाशी माझे घोडे अडले आहे. कुंटा किंटे हा गुलाम होता, एवढे 'रूट्स' या कादंबरीमुळे ठाऊक होते. पण गुलामाच्या नावाला राजाची पदवी का जोडली आहे आणि याम नावाचा कंद गाण्यात पुन्हा पुन्हा का येतो, याचा उलगडा होत नाही. ठिकठिकाणच्या टिपा वाचल्या, तर कुणी यामचा अर्थ पैसा असा सांगतो, कुणी अमली पदार्थ, तर कुणी त्यात केवळ शारीरिक सूचकता पाहतो. जाणकारांना माझा प्रश्न असा, की गीतकाराने खरोखर योजलेला संदर्भ आणि ऐकणाऱ्याने आपल्या पदरचा घातलेला अर्थ यांतला फरक ओळखायचा कसा?

रानवाट:

चांगला प्रश्न आहे, आणि या गाण्यापुरते बोलायचे तर पुरावा गाण्यातच आहे. याम म्हणजे काय, असा प्रश्न लमार स्वतःच विचारतात आणि याम म्हणजे सत्ता, असे उत्तरही देतात; मी रस्त्याने चालत असताना तुम्हाला त्याचा वास येईल, असे ते लगोलग म्हणतात. सत्तेला वास का असावा आणि तो रस्त्यावरच का यावा, या दोन प्रश्नांचा धागा धरला, की आपण राल्फ एलिसन यांच्या 'इन्व्हिजिबल मॅन' (१९५२) या कादंबरीपर्यंत पोहोचतो. तिचा नायक दक्षिणेतून न्यूयॉर्कला आलेला कृष्णवर्णीय तरुण आहे. सभ्य दिसण्याच्या धडपडीत त्याने आपले गावाकडचे खाणेपिणे टाकून दिलेले असते. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत थंडीच्या दिवसांत चालताना भाजलेल्या यामचा वास त्याला एकदम गाठतो, तो हातगाडीवरून एक विकत घेतो, वर लोणी घालून घेतो आणि भर रस्त्यात, कोण पाहते आहे याची पर्वा न करता, खातो. लाज गळून पडल्याचा तो क्षण आहे. (अमेरिकेत रताळ्यालाही याम म्हणतात, मूळचा आफ्रिकी याम आपल्या कोनफळाच्या कुळातला.) एलिसन मात्र तिथेच थांबत नाहीत. नायक आणखी याम घेतो आणि त्यातला एक शेवटच्या घासाला हिवाने नासलेला, बेचव निघतो. ज्या सत्तेबद्दल लमार बोलत आहेत, तिची चव अशीच दुहेरी आहे, आणि हा संपूर्ण अल्बम यशाने माणूस कसा नासतो याविषयीच आहे.

आता राजाविषयी. चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) या कादंबरीत इग्बो शेतकऱ्यांच्या जगात याम हा पिकांचा राजा आहे. ज्याची कोठारे यामने भरलेली, तो पुरुष प्रतिष्ठित. ॲलेक्स हेली यांच्या 'रूट्स'मधला (१९७६) कुंटा गांबियातून पकडून आणलेला. तो वारंवार पळून जातो, म्हणून अखेरीस त्याचा अर्धा पाय तोडला जातो. सगळ्यांना आपले पाय तोडायचे आहेत, असे लमार म्हणतात, तेव्हा तो घाव ऐकणाऱ्याने ओळखावा अशी त्यांची अपेक्षा असते. ज्याचे चालणे हिरावले, त्याच्याच नावाने कॉम्प्टनच्या, म्हणजे लमार यांच्या गावच्या, रस्त्यांवर ऐटीत चालणे, हा या गाण्याचा गाभा आहे. गायक जेम्स ब्राऊन यांच्या 'द पेबॅक' (परतफेड) या गाण्यातल्या ओळींचा प्रतिध्वनीही त्यात आहे. परतफेडीचा तो संदर्भ इथे नेमका बसतो.

अमली पदार्थ वा शरीर हे अर्थ चुकीचे मुळीच नाहीत. बोलीत ते आहेतच. पण गाण्याची बाकीची रचना ज्या अर्थाला आधार देते, तो मी आधी धरतो.

उत्तररात्र:

रानवाट यांच्याशी सहमत आहे. मात्र सगळे संदर्भ असे ग्रंथालयात सापडत नाहीत, म्हणून न्यूयॉर्कचे उदाहरण देतो. क्लॅरेन्स थर्टीन-एक्स यांनी 'नेशन ऑफ इस्लाम' या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या धार्मिक संघटनेतून बाहेर पडून १९६४ मध्ये हार्लेममध्ये एक पंथ सुरू केला, ज्याला पुढे 'फाइव्ह पर्सेंटर्स' हे नाव रूढ झाले. लोकांपैकी पंचाऐंशी टक्के अज्ञानात आहेत, दहा टक्क्यांना सत्य माहीत असून ते इतरांना लुबाडतात आणि उरलेले पाच टक्के गरीब, सदाचारी शिक्षक आहेत, अशी त्यांची शिकवण. त्यांच्या अंकविद्येत प्रत्येक अंकाला अर्थ आहे: एक म्हणजे ज्ञान, सात म्हणजे ईश्वर, शून्य म्हणजे 'सायफर', अर्थात वर्तुळ. इंग्रजी वर्णमालेतले सातवे अक्षर जी. म्हणून या मंडळींनी एकमेकांना 'जी' म्हणून हाक मारली, की त्यात ईश्वर अभिप्रेत असतो. इतरत्र तोच 'जी' गँगस्टरचा आहे, आणि केवळ शब्दकोश पाहणारा इथे हमखास फसतो. रॅपर गोल करून उभे राहतात आणि आळीपाळीने रचना म्हणतात त्याला 'सायफर' म्हणतात, तो शब्दही याच पंथाच्या बोलीतून रुळला.

आता रॅपर रकीम यांचे 'माय मेलडी' हे गाणे ऐका. सात एमसी (म्हणजे रॅपर), त्यात आणखी सात, मग पुन्हा सात, आणि या एकवीसही जणांचा आपण एकट्याने फडशा पाडला, असे ते सांगतात. रकीम स्वतः या पंथाचे असल्यामुळे सात हा आकडा सहज आला, असे मानायला मी तयार नाही.

वू-टँग क्लॅन या रॅप गटाच्या १९९३ च्या पहिल्या अल्बमचीही तीच गोष्ट. टाइम्स स्क्वेअरजवळ बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या स्वस्त चित्रपटगृहांत पाहिलेले कुंग-फूपट आणि या पंथाची अंकविद्या त्यांनी एकत्र गुंफली. न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडला ते शाओलिन म्हणतात, ब्रुकलिनला मदिना. अल्बमच्या नावातले 'छत्तीस दालने' हे शब्द १९७८ च्या एका हाँगकाँगी चित्रपटावरून आले आहेत. शिवाय नऊ सदस्य आणि प्रत्येकाच्या हृदयाचे चार कप्पे, असा हिशेबही त्यांचे प्रमुख रिझा यांनी मांडलेला आहे.

वेशीपलीकडे:

वरील दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट सुटली आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. या ओळी शब्दशः वाचल्याची किंमत काही माणसांनी न्यायालयात मोजलेली आहे.

आफ्रिकन-अमेरिकन लोककथांत एक माकड आहे. ते सिंहाला सांगते, की हत्तीने तुझी निंदा केली. सिंह ते बोलणे जसेच्या तसे खरे मानून हत्तीवर चालून जातो आणि बेदम मार खातो. हेन्री लुई गेट्स (ज्युनिअर) यांनी 'द सिग्निफाइंग मंकी' (१९८८) या ग्रंथात याच माकडावरून कृष्णवर्णीय साहित्याची एक संपूर्ण उपपत्ती मांडली: एक बोलायचे, दुसरे सुचवायचे, आधीच्या कवीचे शब्द उचलून ते उलटवायचे आणि जाणत्याने ते ओळखायचे. १९९० मध्ये 'टू लाइव्ह क्रू' या रॅप गटावर फ्लोरिडात अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा गेट्स यांनी साक्षीदार म्हणून हीच परंपरा ज्यूरीसमोर उलगडून सांगितली. गट निर्दोष सुटला. त्या गाण्यांतली स्त्रियांविषयीची भाषा मला आजही सहन होत नाही, पण ती साक्ष आवश्यक होती असेच माझे मत आहे.

पुढे सरकारी वकिलांनी रॅपच्या ओळी कबुलीजबाबासारख्या वाचून दाखवण्याची प्रथाच पडली. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रॅपर यंग थग यांच्यावरील खटल्यात २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या काही ओळी पुरावा म्हणून सशर्त स्वीकारल्या. कॅलिफोर्नियाने मात्र त्याआधीच, २०२२ मध्ये, अशा वापरावर मर्यादा घालणारा कायदा केला. गुन्हेगारी कथा लिहिणाऱ्या लेखकाच्या पानांना कुणी कबुली म्हणत नाही. रॅपरच्या वाट्याला ही मुभा येत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

सांजसावली:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. याम आता उमगला. पण एक शंका उरते: एलिसन वाचलेले नाहीत, हार्लेम पाहिलेले नाही, अशा आपल्यासारख्या दूरच्या श्रोत्याने सुरुवात कुठून करावी? दर ओळीला टीप शोधत बसलो, तर गाणे ऐकण्याचा आनंदच नाहीसा होतो.

रानवाट:

आधी टिपांशिवाय सलग ऐकावे. जो शब्द ठेचेसारखा लागतो आणि पुन्हा पुन्हा येतो, त्याचाच माग काढावा. तुम्ही यामच्या बाबतीत नेमके तेच केले आहे. संकेतस्थळांवरची टीप वाचताना ती कुणी लिहिली आहे ते पाहावे. कलाकाराने स्वतः दिलेले स्पष्टीकरण आणि एखाद्या चाहत्याचा तर्क यांचे वजन सारखे नसते.

आणि आपण अगदीच परके नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरूनच घेतले होते. त्याच वर्षी आलेल्या नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी आपल्याला न कळलेल्या शब्दांचे अर्थ खुद्द कवीकडून समजून घेतले. लमार यांना विचारणे आपल्याला शक्य नाही, पण 'इन्व्हिजिबल मॅन' मिळण्याजोगे आहे. यामचा प्रसंग वाचा आणि लगेच पुढचा, वृद्ध जोडप्याला घराबाहेर काढण्याचाही वाचा. मग याच अल्बममधले 'हाऊ मच अ डॉलर कॉस्ट' ऐका. त्यात पेट्रोल पंपावर एक भिकारी केवळ एक डॉलर मागतो आणि गायक तो नाकारतो. तो भिकारी कोण होता, हे गाणे शेवटी स्वतःच सांगते. ते मी इथे उघड करत नाही.