कूपरेजवर उभे राहून पाहिलेले सामने

प्रश्न: रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेच्या काळात मुंबईच्या कूपरेज मैदानावर कठड्याला रेलून, खांद्याला खांदा लावून ज्यांनी सामने पाहिले, त्यांना आजच्या खुर्च्यांमध्ये तो थरार जाणवतो का?

उत्तर: नाही. गोल होताच अनोळखी माणसाने मारलेली मिठी आणि त्याच्या पुडीतून माझ्या सदऱ्यावर सांडलेले खारे दाणे अजून आठवतात.

उत्तर: आठवण मलाही प्रिय आहे, परंतु १९८९ मध्ये इंग्लंडमधील हिल्सबरो या फुटबॉल मैदानावर उभ्या प्रेक्षकांमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीने ९७ जणांचा बळी घेतला आणि त्यानंतरच तिथल्या फुटबॉलच्या वरच्या दोन श्रेणींतील संघांच्या मैदानांवर खुर्च्या सक्तीच्या झाल्या, हे विसरता येत नाही.

उत्तर: तिथेच २०२२ पासून काही मैदानांवर, प्रत्येक रांगेला कठडा बसवून, उभे राहण्याची परवानगी पुन्हा मिळाली आहे. कूपरेजलाही अशी एक बाजू मिळावी, असे मला मनापासून वाटते.