मदत हवी आहे: कापडी पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंग, वाणाच्या २०० पिशव्या आणि छपाई पहिल्याच धुण्यात जातेय

नमस्कार मंडळी,

जयसिंगपूरजवळच्या एका गावात आमचा सहाजणींचा बचत गट आहे. इचलकरंजी जवळ असल्याने मांजरपाटाचे तागे थेट मागावरून मिळतात. २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आम्ही कापडी पिशव्या शिवतोय. आजवर छपाई बाहेरून करून घ्यायचो, पण नग कमी असले की कुणी काम घेत नाही आणि घेतलं तरी तारखा पाळत नाहीत. आता संक्रांतीच्या वाणासाठी २०० पिशव्यांची ऑर्डर आली आहे. एकच रंग, मरून. वर ‘हळदीकुंकू’, खाली ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’. मी सगळ्यांना सांगून बसले की या वेळी छपाई आपणच करायची. हाताशी सात आठवडे आहेत.

सामान असं आणलं: १२ बाय १६ इंची लाकडी फ्रेम (जाळी ताणून लावलेली), लाकडी मुठीची स्क्वीजी (जाळीवरून रंग ओढायची रबरी पट्टी), इमल्शनचा डबा (जाळीवर लावायचं, उजेडाने कडक होणारं द्रावण), त्यात कालवायची नारिंगी खड्यांची एक पुडी, मरून पिगमेंट आणि बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवतो तो). कशावर छापणार, हे दुकानदाराने विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. पावतीवर जाळीपुढे ‘१२० टी’ लिहिलंय. ही काय भानगड आहे?

आतापर्यंत काय झालं ते क्रमाने सांगते. पहिल्यांदा रात्री इमल्शन लावलं आणि सकाळी उन्हात धरून पाण्याखाली घेतलं, तर सगळंच वाहून गेलं. दुसऱ्यांदा जास्त वेळ ठेवलं, तर अक्षरं उघडायलाच तयार नाहीत. पॉझिटिव्ह (स्क्रीनवर ठेवायची काळ्या अक्षरांची प्रत) मी गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून ट्रेसिंग पेपरवर काढून घेतला होता. तिसऱ्यांदा स्क्रीन बरी उघडली, पण छपाई फिकी आली. म्हणून जोर लावून चार-चार हात फिरवले. रंग गडद झाला, पण ‘तिळगूळ’मधल्या दोन्ही ळचे डोळे बुजले. ‘कुंकू’वरचा अनुस्वार तर नुसता डाग दिसतो. ती पिशवी दोन दिवस वाळवून साध्या साबणाने धुतली, तर पाणी गुलाबी झालं आणि अर्धी अक्षरं गेली.

वाणाची वस्तू बायका जपून ठेवतात, वर्षभर वापरतात. एका धुण्यात पुसली जाणारी पिशवी कुणाच्या हातात द्यायला माझं मन धजत नाही. गटाच्या पैशातून अजून ६ हजार खर्च करता येतील. हीट प्रेस (छपाई तापवून पक्की करायचं यंत्र) घ्यावा का? एक्सपोजरची (स्क्रीनला उजेड द्यायची) पेटी घ्यावी का? की चूक माझ्या हाताची आहे? कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी बावीस वर्षं लग्नपत्रिका छापतोय, पिशव्या आणि टी-शर्टही करतो. तुमचा हात सुधारेल. आधी जाळी बदला.

१२० टी म्हणजे एका सेंटीमीटरात १२० धागे. ही जाळी पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डांची. तिची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्यातला पिगमेंट धड उतरत नाही आणि आतल्या आत वाळून जाळी बुजते. म्हणून छपाई फिकी आली, म्हणून तुम्ही जोर लावला, आणि जोराने रंग अक्षराच्या कडेखाली सरकून ळ बुजला. मांजरपाटाला ४३ टी चालते. तुमची अक्षरं लहान असतील तर ५५च्या आसपासची घ्या. जुनी फ्रेम टाकू नका, पत्रिकांना उपयोगी पडेल.

छापताना फ्रेम कापडाला टेकलेली नको. चारही कोपऱ्यांखाली २-३ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा चिकटवा, म्हणजे स्क्वीजी पुढे गेली की मागची जाळी आपोआप सुटते. स्क्वीजी थोडी तिरकी धरा, एकसारखा दाब द्या आणि एकच हात मारा, फार तर दोन. पिशवी काढल्यावर फ्रेम उचलूनच हलक्या हाताने रंग जाळीवर परत पसरून ठेवा. यामुळे पुढची पिशवी लावेपर्यंत जाळी वाळत नाही. हे एवढं जमलं तरी निम्मं काम झालं.

आता धुण्याचं. मागावरून आलेल्या कापडाच्या ताण्याला खळ असते. तुमचा रंग धाग्यावर बसलाच नाही, खळीवर बसला, आणि पहिल्या धुण्यात खळ गेली तशी तिच्याबरोबर अक्षरंही गेली. तागा रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाण्यात साबणाने धुवा, वाळवून इस्त्री करा. शिवायच्या आधीच हे करा, कारण कापड आटतं. पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला गेला तर खळ गेली म्हणायची. थेंब वर मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा धुवा.

रंग बनवताना बाइंडर भरपूर आणि पिगमेंट थोडा. गडद व्हावा म्हणून पिगमेंट वाढवला की जास्तीचा रंग धुण्यात सुटतोच, पाणी गुलाबी होतं ते त्यानेच. बाइंडरच्या डब्यावर फिक्सर (रंग पक्का करणारं रसायन) घालायला सांगितलं असेल तर तिथलंच प्रमाण घ्या. आणि उष्णता हवीच, नुसतं दोन दिवस वाळवून भागत नाही. पिगमेंट साधारण १५० अंशांवर ३ ते ५ मिनिटांत पक्का होतो. हीट प्रेस आत्ता घेऊ नका. छपाई पूर्ण वाळली की वर बटर पेपर ठेवून सुती कापडाच्या तापमानावर इस्त्री फिरवत राहा, वाफ बंद ठेवून. २०० पिशव्यांना वेळ लागेल, पण तुम्ही सहाजणी आहात.

प्रतिसाद २

वरच्या दादांचं सगळं बरोबर आहे. एक्सपोजरबद्दल मी सांगते, मी शाळेत कला शिकवते आणि मुलांकडून हे करून घेते.

पण त्याआधी तुमची ती नारिंगी पुडी. ते बहुतेक अमोनियम बायक्रोमेट असेल. ते विषारी आहे, त्याच्यामुळे कॅन्सर होऊ शकतो आणि त्वचेला त्रास होतो. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. खडे विरघळवताना नाकाला मास्क लावा. स्वयंपाकाच्या भांड्यात कालवू नका, मोरीत ओतू नका, मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका. पुढच्या वेळी डायझोवालं (बायक्रोमेट न लागणारं) इमल्शन मागा. थोडं महाग पडतं, पण घरात काम करायचं तर तेच घ्या.

पहिल्या वेळी सगळं वाहून गेलं, कारण एक तर थर आतून ओला होता किंवा ऊन कमी पडलं. इमल्शन पातळ लावा आणि फ्रेम आडवी ठेवून अंधारात पूर्ण वाळवा. दुसऱ्या वेळी ट्रेसिंग पेपरवरचा काळा रंग पुरेसा काळा नव्हता. कागद दिव्यासमोर धरा. अक्षरांतून उजेड दिसला, तर उन्हालाही तेवढी वाट मिळते आणि अक्षराखालचं इमल्शन कडक होऊन बसतं. डीटीपीवाल्याकडून फिल्मवर पॉझिटिव्ह काढून घ्या आणि छापलेली बाजू इमल्शनला टेकवा. वर स्वच्छ काच ठेवा. फ्रेमच्या आत, जाळीच्या मागे, काळ्या कापडात गुंडाळलेला फोम भरा, म्हणजे फिल्म घट्ट चिकटून राहील.

वेळ मात्र दुसऱ्या कुणाची वापरू नका. पॉझिटिव्हवर पुठ्ठा ठेवा आणि दर ३० सेकंदांनी एकेक पट्टी उघडी करत जा. धुतल्यावर जी पट्टी स्वच्छ उघडेल आणि तिच्या कडा टिकतील, तीच तुमची वेळ. पेटी न घेताही काम होईल, फक्त रोज त्याच वेळेच्या उन्हात करा.

धागाकर्ती

दादा, ताई, तुम्हा दोघांचे किती आभार मानू! पुडी मी स्टीलच्या वाटीत कालवली होती, तीही हातमोजे न घालता. ती वाटी वापरातून काढली.

काल थेंबाची परीक्षा केली. कोऱ्या मांजरपाटावर थेंब मोत्यासारखा बसून राहिला, धुतलेल्या तुकड्यावर क्षणात जिरला. मग त्याच जुन्या जाळीने, खाली पुठ्ठे लावून, एकेक हात मारून दोन्ही तुकड्यांवर छापलं. इस्त्री केली आणि आज सकाळी दोन्ही धुतले. कोऱ्या तुकड्यावरचं ‘गोड’ पुसट झालंय. धुतलेल्या तुकड्यावरचं फिकं आहे, पण जागचं हललं नाही, आणि ळचे दोन्ही डोळे उघडे आहेत.

उद्या ५५ टीची फ्रेम, डायझो आणि फिल्म आणायला निघतेय. एक शंका राहिली आहे: शिवून झालेल्या ४० पिशव्या पडून आहेत, त्या आता धुतल्या तर आटून शिवण ओढली जाईल का? की त्या कोऱ्याच विकाव्यात?