अकरावीत गणित सोडायचं का?

प्रश्न असा आहे की, मुलीला जीवशास्त्र आवडतं, तर अकरावीत गणित सोडलं आणि पुढे मन बदललं तर इंजिनीअरिंगला जाता येईल का. कृपया गणित सोडू देऊ नका. महाराष्ट्रात बी.ई./बी.टेक.साठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच. तिसरा विषय रसायनशास्त्र, जीवशास्त्र, संगणकशास्त्र यांपैकी चालतो. पण आयआयटीसाठी रसायनशास्त्रही हवंच.

"बारावीला पन्नास टक्के पडले की झालं" असं काही जण म्हणतात, ते अर्धवट आहे. खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४०, आणि तेही या तीन विषयांची बेरीज करून. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. प्रत्येक विषयात जेमतेम ३५ मिळाले तर बारावी पास होते, पण बेरीज १०५ भरते आणि अर्ज तिथेच अडतो. भाषेतले ८५ गुण इथे कामाला येत नाहीत.

सीईटीचा (राज्याच्या प्रवेश परीक्षेचा) अर्ज भरताना पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गट निवडला आहे ना, हे दोनदा तपासा. पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) गटाच्या गुणांवर इंजिनीअरिंगला प्रवेश मिळत नाही. चारही विषय असतील तर दोन्ही गटांची परीक्षा देता येते. पीसीएममध्ये २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात (५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं), त्यामुळे गणित "नावापुरतं" ठेवूनही भागत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नये.