मदत हवी आहे: तलावात दुपारी इतका ऑक्सिजन कसा?

मंडळी, मी बडोद्यात बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आमच्या एका मॅडमकडे दोन महिन्यांचा प्रकल्प करते आहे, पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. खरं तर विश्वामित्री नदीचं पाणी घ्यायचं होतं, पण तिथल्या मगरींमुळे मॅडमनी साफ नाही म्हटलं (आजीने मॅडमना भरभरून आशीर्वाद दिले). म्हणून शहराबाहेरचा एक हिरवागार तलाव धरला.

पद्धत विंकलरची: पाण्यातला ऑक्सिजन रसायनांनी बांधून ठेवायचा, मग आम्ल घातलं की त्याच प्रमाणात आयोडीन सुटतं, ते थायोसल्फेट थेंबाथेंबाने घालून मोजायचं (हेच टायट्रेशन). मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड काठावरच बाटलीत घालते, टायट्रेशन लॅबमध्ये. दुपारी तीनच्या नमुन्यांत लिटरला ११ मिलिग्रॅमच्या वर आकडा येतो. पाणी ३० अंशांचं. त्या तापमानाला हवेतून जेमतेम साडेसात विरघळतो. मॅडम म्हणतात, अजून हात बसला नाही, पुन्हा कर. पुन्हा केलं तरी तेच. थायोसल्फेटची तीव्रता बरोबर आहे का, तेही डायक्रोमेटने तपासून झालंय.

मला हे शेवाळाचं काम वाटतं. उन्हात ते ऑक्सिजन इतक्या झपाट्याने सोडतं की हवेत निसटायच्या आधी पाण्यात साठतो. तसं असेल तर पहाटे आकडा पार खाली यायला हवा, कारण रात्री शेवाळ ऑक्सिजन वापरतच असतं.

लॅब साडेदहाशिवाय उघडत नाही. पहाटे सहाचा नमुना तोवर टिकेल का? आणि उलट बोलते असं न वाटता हे मॅडमपुढे कसं मांडू? त्या रागीट नाहीत, माझीच जीभ जड होते.

प्रतिसाद:
टिकेल. बुचावर पाण्याचं सील राहू दे, बाटल्या बर्फाच्या डब्यात झाकून आण, आम्ल लॅबमध्येच घाल. दर वेळी पीएचही (पाणी आम्ल की अल्कली, याचं माप) टिपत जा. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढत असेल तर दुपारी पीएच चढेल, आणि त्याला टायट्रेशन लागत नाही, म्हणजे हात बसण्याचा मुद्दाच उरत नाही. तलावात ब्लीचिंग पावडर टाकतात का, तेवढं विचारून घे. क्लोरीन असेल तर आयोडीन जास्त सुटतं आणि आकडा फुगतो.

मॅडमना शेवाळाचं आत्ता सांगूच नकोस. "एकदा चोवीस तासांचे नमुने घेऊन बघू का?" एवढंच विचार. आणि पहाटे तलावावर एकटी जाऊ नकोस.