रंक्स-१ चालू झालं म्हणजे काम झालं असं नाही

रंक्स-१ (इतर जनुकांना चालू-बंद करणारं एक जनुक) भ्रूणात चालू झालं की रक्ताच्या मूलपेशी आपोआप बनतात, असं म्हटलं जातं. हे अर्धंच खरं. भ्रूणाच्या महाधमनीच्या पोटाकडच्या भिंतीतली अस्तरपेशी (रक्तवाहिनीच्या आतल्या थरातली पेशी) रक्तपेशी होताना नवी जनुकं उघडण्याइतकंच जुनी बंद करणंही लागतं. रंक्स-१ हे जीएफआय-१ आणि जीएफआय-१बी ही जनुकं दाबणारी प्रथिनं चालू करतं. हे दोघं एलएसडी-१ या विकराला अस्तराच्या जनुकांवर नेऊन बसवतात, आणि एलएसडी-१ तिथल्या एच-३ हिस्टोनच्या (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाच्या) चौथ्या लायसिनवरचे मिथाइल गट काढतं, म्हणजे ती जनुकं बंद होतात. एलएसडी-१ अडवलं की पेशी भिंतीलाच चिकटून राहतात. रंक्स-१ आहे, पण सुटका नाही.

प्रयोगात घोळ होतो तो बहुधा वेळेचा. उंदराचा भ्रूण 'साडेदहा दिवसांचा' एवढं लिहून भागत नाही, एकाच गर्भाशयातले भ्रूणही मागेपुढे असतात. सोमाइटच्या (भ्रूणाच्या पाठीकडे जोडीजोडीने वाढत जाणाऱ्या ठोकळ्यांच्या) जोड्या मोजा. जनुक कधी काढलं यावरही सगळं ठरतं: रंक्स-१ व्हीई-कॅडहेरिन-क्रीने (अस्तरपेशीतच जनुक कापून काढणाऱ्या साधनाने) काढलं तर मूलपेशी बनतच नाहीत. व्हॅव-क्रीने (हेच काम नंतर, रक्तपेशी झाल्यावर करणाऱ्या साधनाने) काढलं तर बनतात, कारण तोवर रूपांतर उरकलेलं असतं.

आणि कृपया, प्रयोगशाळेच्या बशीत वाढलेल्या पेशींच्या वसाहती मोजून 'मूलपेशी मिळाल्या' म्हणू नका. वसाहती साध्या पूर्वजपेशीही देतात. दुसऱ्या उंदरात प्रत्यारोपण करून किमान १६ आठवडे थांबा, आणि लिम्फॉइड व मायलॉइड (रक्तपेशींच्या दोन मुख्य शाखा) दोन्ही वंश दात्याचेच आहेत ना ते तपासा.